चार कोपऱ्यांना हळद

तळहाताखालचा कागद कुणी ओढून घेतला तर आवाज होत नाही, पण मनगटाला ते कळतं, आणि मनगट ते विसरत नाही. तिरुवैयारूला राघवेंद्राच्या घरी, त्याच्या मुलीच्या निश्चयाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, सकाळी, मी जमखान्यावर मांडी घालून सगळ्यांपुढं वाचायची लग्नपत्रिका लिहीत होतो. गोत्र झालं, आजोबांचं नाव झालं, वडिलांचं झालं, आणि मुलीच्या नावाशी आलो तेव्हा बोटांत काहीतरी फडफडलं, आत चिमणी अडकावी तसं. पेन तिरकं धावलं आणि एक निळी रेघ खालच्या तीन ओळी कापत थेट मुहूर्तापर्यंत गेली. समोर राघवेंद्र बसला होता. लांबचा भाचा माझा, वागायला मऊ. त्यानं कागदाचं टोक दोन बोटांत धरलं आणि झोपलेल्या मुलाच्या अंगाखालचं पांघरूण काढावं तसा तो हळूच ओढून घेतला. "असूं दे मामा, दमलांत तुम्ही. कोपऱ्यावर टायपिंगवाला आहे, इंग्लिशांत करून आणतो. वाचणारे तरी कोण उरलेत आपल्यांत?" बायकांनी लगेच कॉफी पुढं केली. म्हाताऱ्या माणसाची फजिती झाकायला आमच्याकडे कॉफीच पुढं करतात. मी पसरट डबऱ्यातून उंच टंबळरमध्ये आणि टंबळरमधून डबऱ्यात ती ओतत राहिलो. हात थरथरत असला की कॉफीला फेस चांगला येतो, एवढा एकच त्याचा फायदा.

मी थापाड्या आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाद नको. वीजमंडळात पस्तीस वर्षं काढली, खांबांवर चढलो नि उतरलो, आणि प्रत्येक खांबागणिक एक गोष्ट घरी आणली. पापनाशमच्या तारेवर पडलेली वीज मी ओल्या पंच्यात गुंडाळून आणली आणि तिच्यावर दोन दिवस इडल्या उकडल्या, हे आमच्या गल्लीतली निम्मी माणसं अजून पाहुण्यांना सांगतात. उरलेली निम्मी मला बाळकृष्णराव न म्हणता इडलीराव म्हणतात. पण माझी जिवाची गोष्ट एकच, चंद्रमतीची. आमचे खापरपणजोबा ओरत्तनाडूच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, लिहिण्याच्या कामावर होते आणि छत्राची एक हत्तीण होती, तिचं नाव चंद्रमती. लग्नपत्रिका गावोगाव पोचवायच्या त्या तिनं. कागद सोंडेत धरण्याआधी ती त्याचे चारी कोपरे हुंगायची. हळद लागलेली असली तर उचलायची, नसली तर परत करायची, आणि फार आग्रह केला तर ओला करून परत करायची. कारण आमच्यात हळद न लावलेला कागद म्हणजे मयताची खबर. आधी चार कोपऱ्यांना हळद, मग शाई. शाई आधी पडली की तो कागद शुभाचा राहत नाही. हत्तीण होती की नाही मला माहीत नाही. नियम होता, अजून आहे. तसाच दुसराही आहे, की लग्नाचा कागद दिवेलागणीनंतर लिहायचा नाही. आणि तिसरी गोष्ट मी साठ वर्षं छाती पुढं काढून सांगत आलो आहे: बाळकृष्णराव तोंडानं काय वाटेल ते बोलतो, पण लग्नपत्रिकेच्या कागदावर त्यानं कधी खोटं लिहिलेलं नाही. लोक हसत, आणि मग मलाच लिहायला बोलवीत. दुसरं होतं कोण? आमची माणसं मराठीत भांडतात, तमिळमध्ये भाजी घेतात आणि इंग्लिशमध्ये सही करतात. अक्षरं आजोबांनी पाटीवर गिरवून घेतली ती माझ्याकडून, बाकीची नातवंडं तेव्हा पतंग उडवत होती.

तिरुवैयारूहून परतताना बसमध्ये मी खिडकीच्या गजाला हात धरून ठेवला होता. बस हलत होती, गज हलत होता, आणि हात त्यांच्यात असा मिसळून गेला होता की वाटलं, हा माझा नव्हेच, बसचा आहे. उतरताना इथंच ठेवून जावा. पूल आला, नदीत वाळू आणि मधून मधून पाणी. डोक्यात एकच आकडा होता, पंधरा. पंधरा दिवसांनी माझ्या नातीचा, नंदिताचा निश्चय होता, आमच्याच घरी, आणि तिच्या पत्रिकेचा कागद कुणी तरी असाच माझ्या हाताखालून ओढणार होतं. घरी आलो तर बायकोला, जयलक्ष्मीला, सगळं आधीच कळलेलं. तिला कसं कळतं ते विचारू नये. पंचावन्न वर्षं मी विचारलेलं नाही. ती झोपाळ्यावर कदंबमचा गजरा बांधत बसली होती, फुलांवरची नजर न काढता म्हणाली, "आपल्या गांवची बाहुली मान डोलवते म्हणून लोक विकत नेतात. तुम्ही हात डोलवूं लागलांत, तुम्हांस कोण नेईल?" मग दोऱ्याला गाठ मारून, त्याच आवाजात, "मुरलीचा फोन आला होता. पत्रिका तो मद्रासहून छापून आणतो म्हणाला. जाड कार्ड, सोनेरी गणपती. सायरामचे वडील वाचतील. त्यांचें इंग्लिश चांगलें आहे." मुरली म्हणजे आमचा मुलगा, नंदिताचा बाप; सायराम म्हणजे नंदिताचा ठरलेला नवरा, आणि त्याचे वडील गुरुमूर्ती, ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून निवृत्त झालेले; चाळीस वर्षं सरकारी कागद मोठ्यानं वाचल्यामुळं त्यांना निरोप सांगितला तरी तो अधिसूचनेसारखा वाटतो. पायऱ्यांवर बसून चप्पल काढताना माझं ठरलं. हात गेला तर गेला. कागद जाऊ देणार नाही. पत्रिका मराठीत निघेल, ह्याच घरातून निघेल, आणि मीच वाचीन.

दुसऱ्या दिवशी दक्षिण रस्त्यावरच्या दुकानातून मी प्रिंटर आणला. बिनतारी, शाईचा, पांढरा, भाताच्या डब्याएवढा. दुकानातला पोरगेलासा मालक म्हणाला, घरी माणूस पाठवतो, लावून देईल. मी म्हटलं, ज्यानं अकरा हजार व्होल्टच्या तारेला राखी बांधली आहे त्याच्याकडे माणूस पाठवू नये. खोकं कपाटावर ठेवलं आणि आधी मजकूर करायला बसलो. फोनवर मराठी अक्षरं असतात हे नंदितानं कधी तरी दाखवलं होतं. फोन टेबलावर पालथा पडू नये म्हणून वाटीला टेकवायचा, डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरायचं आणि एक बोट खाली सोडायचं, विहिरीत घागर सोडतात तसं. घागर कधी पाण्यावर पडे, कधी कठड्यावर. एक ओळ व्हायला एक दुपार लागली. चार दिवसांत गोत्र, तीन पिढ्या, मुहूर्त, सगळं झालं. फक्त एक जागा मी मोकळी सोडली होती. मुलीचं नक्षत्र. तिथं आलं की बोट वर राही. हात नव्हे, बोटच; आणि ते थरथरत नसे. ती जागा मी शेवटपर्यंत तशीच ठेवली. मग मुरलीच्या खोलीतलं टेबल पुसलं, आणि निश्चयाच्या आदल्या दिवशी, जेवण झाल्यावर, खोकं खाली घेतलं. आदल्या दिवशीच का, असं जयलक्ष्मीनं विचारलं तेव्हा सांगितलं की मुहूर्त तसा आहे. खरं म्हणजे, आधी लावला आणि चालला नाही तर मुरलीला कार्ड छापायला वेळ मिळाला असता. मागची वाट मीच बुजवून टाकली होती. कार्ड नको एवढाच निरोप मी त्याला धाडला होता, तरी तो छापूनच ठेवणार होता, हे मला नंतर कळलं.

यंत्राला जागोजाग निळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. नवऱ्या मुलीच्या अंगावरून टाचण्या काढाव्यात तशा त्या एकेक काढल्या. दारामागं एक, झाकणाखाली दोन, आणि एक अशा ठिकाणी की ती न काढता यंत्र चालवलं असतं तर माझ्यावर हसायला मुरलीला उरलेलं आयुष्य पुरलं असतं. वायर लावली. आत दिवा लागला आणि शाईच्या डब्यांची गाडी आपणहून मध्यावर येऊन थांबली. एक डबी काळी, एक तीन रंगांची. तोंडावरचा पापुद्रा काढून, थोडी तिरकी करून, ढकलायची, खट्ट. ह्या खट्टपाशी मला वीजमंडळाचे दिवस आठवले. फ्यूज बसला की असाच आवाज येई आणि एका सबंध गल्लीत उजेड पडे. नंदिता दारात उभी होती. चेन्नईच्या कचेरीचं काम घरूनच करते, कानात गोळ्या घालून. एक गोळी काढून म्हणाली, "तात्ता, मज द्या ना. दोन मिनिटांत करतें." तात्ता म्हणजे मी, आजोबा. मी म्हटलं, "दोन मिनिटांत लावलेलं लग्न दोन मिनिटंच टिकतं. तू जा, मेंदीला बस." ती गेली नाही. दाराला टेकून राहिली, पण गोळी परत कानात घातली, हा तिचा चांगुलपणा.

मी कपाटातला एक साधा कागद घालून पाहिला. यंत्र थोडा वेळ स्वतःशी कुरकुरलं, मग आतून चाकं फिरली आणि त्यानं कागद ओढला. मला धक्का बसला तो त्या ओढण्याचा. कागदाच्या कडेवर माझी बोटं होती आणि तो खालून निघून गेला, अगदी तसाच, आवाज न करता. तिरुवैयारूचा जमखाना गुडघ्यांना टोचला. पण हा कागद मागं न जाता पुढं आला. खालच्या फटीतून, माझ्याच बाजूला, थोडा थोडा, आखडता हात घेत; त्याच्यावर रेघा, चौकोन, ठिपके. ह्यात शाई सरळ पडते की नाही ते यंत्र तपासून घेतं म्हणे. तोच कागद काचेवर पालथा ठेवायचा, म्हणजे ते आपलंच लिहिलेलं वाचून आपल्याला दुरुस्त करतं. मी ठेवला. एक पांढरा उजेड त्याच्याखालून सावकाश सरकत गेला. मी पाहत राहिलो. लिहिलेलं परत वाचून आपल्याला सरळ करायचं. एवढ्याशा डब्याला पहिल्याच दिवशी येतं ते.

मग वायफाय. बटण तीन सेकंद दाबून धरा, निळा दिवा लुकलुकेल. माझं बोट तीन सेकंदांत सात वेळा दाबत होतं आणि सात वेळा सोडत होतं. शेवटी मी पेनाची टोपी बटणावर ठेवली आणि तिच्यावर कोपर टेकलं. दिवा लुकलुकायला लागला. फोनवर यंत्राचं नाव आलं, आणि पासवर्ड मागणारी एक रिकामी चौकट. नंदिताचा फोन कधी तरी आपोआप जोडला गेलेला, तिला पासवर्ड ठाऊक नाही. जयलक्ष्मी म्हणाली, मुरलीनं केलेलं आहे तें, त्यासच विचारा. तो पत्नीला घेऊन गाडीनं निघाला होता, विळुप्पुरमच्या आसपास होता. त्याला विचारायचं म्हणजे सांगणं आलं. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. समोरच्या भिंतीवर ऊन अजून अर्ध्यावर होतं. ऊन भिंत सोडून गेलं की दिवेलागणीला तासभर उरतो. मी फोन लावला.

"अप्पा, कार्ड माझ्यापाशीं आहे, गाडींत. कशास उगीच त्रास?" मुरली म्हणाला. मी म्हटलं, "कार्ड राहूं दे. पासवर्ड सांग." मागं गाड्यांचे भोंगे येत होते. "चंद्रमती," तो म्हणाला. "पुढें एक दोन तीन. इंग्लिश अक्षरांत, अस्कीं लहान, एकही मोठें नाही." मी म्हटलं, "कोण?" "तुमची हत्तीण, अप्पा. दुसरें काय ठेवणार?" आणि फोन ठेवला.

मुरली अकरा वर्षांचा असताना शाळेतून रडत घरी आला होता. वर्गात त्यानं चंद्रमतीची गोष्ट सांगितली होती, खरी म्हणून, आणि मास्तरांनी त्याला फळ्यावर हत्ती काढायला लावून त्याच्या सोंडेत लग्नपत्रिका द्यायला लावली होती. पोरं महिनाभर त्याच्या वह्यांचे कोपरे हुंगत होती. त्या दिवसानंतर माझी कुठलीही गोष्ट सुरू झाली की तो उठून पाणी प्यायला जाई. चाळीस वर्षं तो पाणी पीत आला आहे. आणि ह्या घरात जो कुणी येतो, पेपरवाला, भाचे, गॅसचा हिशोब पाहणारा, त्या सगळ्यांना वायफायच्या आत येण्यासाठी माझ्या हत्तिणीचं नाव घ्यावं लागेल, अशी व्यवस्था त्यानं मला न सांगता करून ठेवली होती. मी अक्षरं एकेक करून सोडली. मनगट डाव्या हातात गच्च होतं. दिवा लुकलुकायचा थांबला आणि निळा, स्थिर झाला. नंदितानं गोळी काढली. "झालें?" मी म्हटलं, "हत्तीण आत आली."

आता ह्यापुढं जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं, आणि आमच्यातल्या कुणीही केलं असतं. सकाळीच मी वीस कागद काढून, हळद कालवून, चारी कोपऱ्यांना बोट टेकवून, पंख्याखाली चटईवर पसरून ठेवले होते. वीस, कारण एकावर तरी नीट छापलं जाईल. शाईच्या आधी हळद. यंत्र आलं म्हणून नियम उलटा होत नाही. वरून सुकलेली दिसत होती. मी गठ्ठा सारखा करून आत ठेवला आणि नक्षत्राची जागा मोकळी असलेलाच मजकूर एकदा पाहण्यासाठी सोडला. यंत्रानं कागद ओढला. मग दुसरा ओढला, पहिला आत असतानाच. मग तिसरा. आत कुणी तरी अप्पळम-पापड चुरगळत असल्यासारखा आवाज झाला, चाकं जागच्या जागी फिरली, आणि लाल दिवा लागला. फटीतून एक पिवळा कोपरा बाहेर येऊन थांबला, जीभ दाखवल्यासारखा. जयलक्ष्मी पदराला हात पुसत आली. तिनं यंत्राकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं. "मंजळ लावून घातलांत?" "मग काय कोरा घालूं? नातीच्या लग्नाचा कागद?" ती खाली बसली. तिला हसू आवरत नव्हतं, आणि मला ते बरं वाटत होतं, कारण ती कोरा घालायचा होता असं म्हणाली नाही. तिच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. म्हणाली, "तुमची हत्तीण हळद नसलेला परत करी. ही हळद असलेला परत करते. ही माहेरची कोण तिची?"

नंदिता म्हणाली, "तात्ता, डॅड्डी कार्ड आणूं लागलेतच ना. असूं दे ना." ऊन भिंतीच्या वरच्या रांगेवर होतं. मी वायर काढली, मागचं झाकण उघडलं, आणि चुरगळलेले कागद दोन्ही हातांनी, सावकाश, ज्या दिशेनं गेले त्याच दिशेनं बाहेर घेतले. आत रबराची छोटी चाकं. चारही पिवळीधमक. जयलक्ष्मीनं जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा फाडून दिला. मी तो ओला करून, पिळून, बोटाला गुंडाळून एकेक चाक फिरवत पुसायला लागलो. हळद सुटत होती आणि सुटत नव्हती. हात थरथरत होता, आणि पुसायच्या कामाला थरथर चालते, उलट बरी. पिवळं बोट डोळ्यांसमोर हलत होतं. ते माझं नव्हतं. ते वडिलांचं होतं.

कनकलताचं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. धाकटी बहीण माझी. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, ते बोटानं चाचपून कागदाला हळद लावीत आणि सांगत, मी लिही. तिचं जातक पुरात गेलं होतं, नावावरून जुळवलेलं होतं सगळं. वडील सांगत होते, गोत्र, प्रवर, जन्मनक्षत्र मूळ. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला खाते, असं तेव्हा म्हणत, अजूनही म्हणतात, हळू आवाजात. ओसरीवर तिचा होणारा सासरा बसला होता, दमेकरी, प्रत्येक शिंकेला पंचांग काढणारा. दाराआडून कनकलताची बांगडी वाजली. माझं पेन मूळपाशी आलं आणि मी पूर्वाषाढा लिहिलं. हात अगदी स्थिर होता. आयुष्यात इतकं सुरेख अक्षर मी पुन्हा काढलं नाही. वाचायलाही मीच, खड्या आवाजात वाचलं, पूर्वाषाढा. वडील खाकरले. एवढंच. मग पिवळं बोट धोतराला पुसलं आणि तांबूल पुढं केला. सासरा त्र्याण्णव वर्षं जगला, आणि मरेपर्यंत सुनेच्या हातचाच रसम प्यायला. म्हणजे खोटं फळलं. मूळ खरं नव्हतं, भीती खरी नव्हती, मग मी जे लिहिलं ते खोटं कसं, असा वाद मी साठ वर्षं माझ्याशीच घालत आलो आणि दर वेळी जिंकलो. पण हात थरथरायला लागला तेव्हा पहिलं जे मनात आलं ते डॉक्टरांचं औषध नव्हतं. तो कागद होता. आणि नंदिताचंही मूळ. आमच्याकडच्यांना, तिकडच्यांना, सगळ्यांना ठाऊक. गुरुमूर्तींनी संगणकावरची कुंडली पाहून नुसती मान हलवली होती. लपवायला काही नव्हतंच. तरी बोट त्या जागेवर वर राहत होतं. भीती आता त्यांची नव्हती, माझी होती.

चाकं कोरडी केली. हळदीचे कागद बाजूला ठेवले; कपाटात कोरे सोळा उरले होते, त्यांना हळद नव्हती. मी जयलक्ष्मीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आतां तुमच्या हत्तिणीसच विचारा." मी कोरा कागद ठेवला, फोन उघडला, मोकळ्या जागेत बोट सोडलं आणि मूळ लिहिलं. मग ती दोन अक्षरं निवडून बाकीच्यांपेक्षा मोठी केली. ऊन भिंतीवरून गेलं होतं. यंत्र कुरकुरलं, कागद बोटांखालून गेला आणि पुढून यायला लागला: श्री, मग गोत्र, मग माझ्या वडिलांचं नाव, काळंभोर, न थरथरलेलं. आणि कागदाच्या दोन्ही कडांना, वरपासून खालपर्यंत, कुणी बोट ओढावं तशी फिकट पिवळी पट्टी. मी नव्हती लावली. शाईच्या आधी, आतल्या आतच, त्या चाकांनी लावली होती. जयलक्ष्मीनं कागद उजेडात धरला, पाठपोट पाहिला. मग ती उठून देवापाशी दिवा लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात जमखान्यावर दोन्हीकडची माणसं बसली. मुरलीचं कार्ड तटात, म्हणजे तबकात, फळांच्या शेजारी, सोनेरी गणपतीसह तयार होतं. गुरुमूर्तींनी चष्मा लावून घसा साफ केला आणि हात पुढं केला, कार्डासाठी. मी माझा कागद उचलला. तो हातात आला आणि वाऱ्यावरच्या केळीच्या पानासारखा वाजायला लागला. सबंध दिवाणखान्याला ऐकू जाईल इतका. अक्षरं दोन दोन झाली. राघवेंद्र समोरच होता, त्याची बोटं हलली, तीच दोन. पण त्याच्या आधी नंदिता पाटावरून उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि कागदाची खालची कड तिनं धरली. ओढली नाही, नुसती धरली. "वाचा तात्ता," म्हणाली. कागद थांबला. मी वाचलं. गोत्र वाचलं, तीन पिढ्या वाचल्या, आणि त्या जागेशी आलो. गुरुमूर्ती ऐकत होते, मुरली पाणी प्यायला गेला नव्हता. मी खड्या आवाजात वाचलं, जन्मनक्षत्र मूळ. काही पडलं नाही. पंखा फिरत होता. गुरुमूर्ती अधिसूचना जारी करावी तसे म्हणाले, "बरें. पुढें." आणि मागच्या भिंतीशी, खुर्चीत, सत्याहत्तर वर्षांची कनकलता विड्याला चुना लावत होती, तिनं मान वर न करता, पण मला ऐकू येईल असं म्हटलं, "साठ वर्षं लागलीं आण्णास, दोन अक्षरें लिहायला." मी तिच्याकडे पाहिलं. तिनं विडा तोंडात टाकला. बांगडी वाजली. दाराआडून तिनं तेव्हाच ऐकलं होतं, सगळंच.

त्याला आता तीन महिने झाले. चाकं मी पुष्कळदा पुसली, पण ती पट्टी गेलेली नाही. खोटं वाटत असेल तर पत्ता कळवा, कागद पाठवून देतो. ह्या घरातून निघतं ते सगळं पिवळ्या कडेचं निघतं. विजेची पावती, नंदिताच्या कचेरीचे करार, जयलक्ष्मीच्या गुडघ्याचा रिपोर्ट, जो पाहून डॉक्टरनं कुणाचं लग्न आहे असं विचारलं. राघवेंद्र धाकट्या मुलीच्या पत्रिकेसाठी परवा येऊन गेला. मी त्याला चार दिवस थांबायला सांगितलं आहे, माझं बोट हळू चालतं. आणि मुरलीला बजावून ठेवलं आहे, माझी खबर छापायची वेळ येईल तेव्हा ती ह्याच यंत्रावर छापायची, बाहेर जायचं नाही. पिवळ्या कडेचा कागद हातात पडला की लोक पूर्ण वाचणार नाहीत, ठेवणीतली वस्त्रं नेसून, अत्तर लावून, जेवायला म्हणून येतील. दारात आल्यावर त्यांना कळेल. ती माझी शेवटची थाप, आणि त्या वेळी तरी मुरलीनं पाणी प्यायला न जाता पाहुण्यांना आत घ्यावं, पासवर्ड सांगून.